बेळगावातून दोघांनी निघायचं तर: एका दिवसाच्या वाटा आणि त्या वाटेवरचं ताट

बेळगावात नव्याने संसार थाटलेली, बदली होऊन आलेली किंवा पुण्याहून शनिवार-रविवार गाठून येणारी जोडपी आम्हाला हमखास विचारतात, "उद्या गाडी काढतोय, कुठं जाऊ?" एका नावात उत्तर देणं कठीण आहे, कारण हे शहर वेगवेगळ्या जमिनींच्या सांध्यावर वसलंय. पश्चिमेला तासाभरात लाल माती, भातखाचरं, काजू आणि सह्याद्रीचा घाट लागतो. पूर्वेला तेवढ्याच वेळात झाडी विरळ होते, काळी रानं सुरू होतात आणि जोंधळा दिसू लागतो. उत्तरेला ऊस, तंबाखू आणि मिरची. माती बदलली की ताटातली भाकरी, कालवण, चटणी सगळं बदलतं. माझ्या नवऱ्याला गाडी चालवायची हौस आणि मला खायची, त्यामुळे या वाटा आम्ही दोन्ही अंगांनी पाहिल्या आहेत. नवीन माणसाला मी एकच नियम सांगते: एका दिवसात एकच दिशा, आणि त्या दिशेचं जेवण त्या दिशेलाच.

१. आधी महिना बघा, मग दिशा ठरवा

जून ते सप्टेंबर पश्चिम घाट हिरवागार असतो आणि तेवढाच अवघडही. कणकुंबी-चोर्ला पट्ट्यात पाऊस कोसळतो, धुक्यात समोरची गाडी दिसत नाही. धबधब्यांसाठी जुलै अखेर ते ऑक्टोबर हा काळ चांगला, पण घाट पाहायचा असेल तर आमची पसंती पाऊस ओसरल्यावरच्या सप्टेंबर-ऑक्टोबरला. तेव्हा भात पोटरीला आलेला असतो आणि रस्त्यावरून नजर लांबपर्यंत पोहोचते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्वेला जा. रानात जोंधळा, हरभरा, करडई उभी असते आणि हवा सोसवते. मार्च-एप्रिलमध्ये तिकडं ऊन फार. तेव्हा पुन्हा पश्चिमेकडे वळायचं, कारण खानापूर-चंदगड भागात काजूची बोंडं, करवंदं आणि फणस यायला लागतात.

आणखी काही तारखा मनात ठेवा. १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस असतो, शहरातले बरेच रस्ते बंद राहतात. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. त्या दिवसांत हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, हायवेवर बंदोबस्त असतो आणि सीमेवर गाड्या थांबवल्या जातात. बाहेरून येणाऱ्यांनी हा काळ टाळलेला बरा.

२. कागदपत्रं आणि गाडीतलं सामान

इथं फिरताना तुम्ही नकळत कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशा तीन राज्यांत ये-जा करता. खाजगी गाडीला वेगळा परवाना लागत नाही, पण तपासणी कुठंही होऊ शकते.

- ड्रायव्हिंग लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी. डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात, पण घाटात नेटवर्क नसतं, म्हणून छापील प्रती ठेवा.
- दोघांचीही आधार कार्डं. मुक्काम करायचा झाला तर लॉजवर दोघांचीही ओळखपत्रं मागतात.
- फास्टॅगमध्ये शिल्लक. पुणे-बेंगळुरू हायवेवर कोगनोळी, हत्तरगी आणि हिरेबागेवाडी, तर गोव्याच्या वाटेवर गणेबैल इथं टोल आहे.
- दुचाकी असेल तर हेल्मेट दोन. मागे बसणाऱ्यालाही सक्ती आहे.
- भाड्याची गाडी असेल तर ती राज्याबाहेर न्यायची परवानगी आहे का, हे मालकाकडून लिहून घ्या. तोंडी "चालतंय की" वर निघू नका.
- सुटे पैसे. खेड्यातल्या खानावळीत यूपीआयचा फलक असतो, रेंज असेलच असं नाही.
- पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, एक रिकामा डबा, जुने वर्तमानपत्र, टॉर्च आणि पावसाळ्यात काचा पुसायला कोरडं फडकं.

रिकामा डबा विसरू नका. दोघांना एक ताट पुरून उरतं, आणि चांगली शेंगा चटणी दिसली की ती कागदाच्या पुडीपेक्षा डब्यात नीट राहते.

३. पश्चिमेची वाट: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला

पहिल्यांदाच निघत असाल तर इथूनच सुरुवात करा. बेळगावातच टाकी भरा, जांबोटीच्या पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका. सकाळी सातच्या आत शहर सोडलं तर रस्ता मोकळा मिळतो. कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडली की झाडी दाट होत जाते. जांबोटीजवळ हब्बनहट्टीला नदीकाठी स्वयंभू मारुतीचं देऊळ आहे. शनिवारी तिथं गर्दी असते, एरवी काठावर निवांत बसता येतं.

कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम आहे. कुंडातलं पाणी बघून ही नदी पुढं किती मोठी होते याची कल्पनाच येत नाही. हीच नदी पूर्वेला सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडवली आहे आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेला मिळते. उगम पाहून ठेवा, मग पूर्वेच्या फेरीत धरणावर उभं राहताना वेगळं वाटेल.

कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाट. वळणावर गाडी थांबवून फोटो काढू नका. इथं गोव्याकडून ट्रक येतात, आणि गोव्याला जाणारा दुसरा, अनमोडचा रस्ता खचला की जड वाहतूक याच वाटेवर वळवली जाते. जिथं रस्ता रुंद आहे आणि दोन्ही बाजूंनी दिसतं, तिथंच बाजूला घ्या. धुक्यात चारी इंडिकेटर लावून चालवण्यापेक्षा लो बीमवर सावकाश जा. ते लुकलुकत असले की तुम्ही कुठं वळणार हे मागच्याला कळत नाही.

या भागातले सापळे नीट वाचा:

मॅपवर आंधळा विश्वास नको. २०२४च्या डिसेंबरात गोव्याला निघालेलं एक कुटुंब मॅपने दाखवलेल्या आडवाटेने शिरोली-हेम्माडगाच्या जंगलात शिरलं आणि रात्र तिथंच काढावी लागली. रेंज मिळेपर्यंत चालत जाऊन ११२ला फोन केल्यावर पोलीस पोहोचले. तो भाग भीमगड अभयारण्याचा आहे, वाघ आणि अस्वलं असलेला. मॅप आधी डाउनलोड करून ठेवा आणि डांबरी मुख्य रस्ता सोडायला सांगितलं तर गावात विचारल्याशिवाय सोडू नका.

वज्रपोहा आणि आतल्या बाजूचे इतर धबधबे वनखात्याच्या हद्दीत आहेत. परवानगीशिवाय जाऊ नका. व्हिडिओत कुणी उभं दिसलं म्हणून वाट खुली आहे असं होत नाही.

गोव्यात उतरलात तर परतताना दारूच्या बाटल्या आणू नका. कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या उघडून बघतात, आणि आपल्या सहलीची संध्याकाळ तिथं घालवण्यात अर्थ नाही.

खायचं काय? या पट्ट्यात मुख्य अन्न भात. सकाळी जांबोटीत चहा आणि भजी घ्या. दुपारी कणकुंबीच्या आसपास घरगुती जेवणाचे फलक दिसतात. उकड्या तांदळाचा भात, आमटी, एखादी उसळ आणि सोलकढी एवढं मिळालं तरी पोटभर होतं. गोव्याच्या जवळ असल्याने मासेही मिळतात. मात्र घरगुती जेवण म्हणजे तुम्ही सांगितल्यावर शिजतं. म्हणून जातानाच थांबून "दोघांचं जेवण, दीड वाजता" असं सांगून पुढे जा. घाट बघून परत येईपर्यंत ताट तयार असतं. रिसॉर्टच्या बुफेत हीच भूक वाया घालवू नका. तिथलं पनीर आणि नूडल्स कुठंही मिळतील.

४. दक्षिणेची वाट: खानापूर, नंदगड, हलशी

ज्यांना घाट नको, गर्दी नको आणि अर्ध्या दिवसात परत यायचंय त्यांच्यासाठी ही वाट. खानापूरजवळ असोग्याला मलप्रभेकाठी रामलिंगेश्वराचं देऊळ आहे. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांचं स्मारक. २६ जानेवारी १८३१ला इंग्रजांनी त्यांना इथं फाशी दिलं. पुढे हलशी.

हलशी आज साधं खेडं वाटतं, पण प्राचीन कदंबांच्या काळात पलाशिका या नावाने ते राजधानीचं ठिकाण होतं. नंतर गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात बांधलेलं भूवराह नरसिंहाचं मंदिर आजही उभं आहे. आत दोन गाभारे एकमेकांसमोर आहेत. मधल्या मंडपात उभं राहून दोन्हीकडे पाहा आणि थोडा वेळ बसा. दगडी गारव्यात उन्हाळ्याची दुपारही सुसह्य होते.

हलशीत जेवणाची सोय धरून चालू नका. खानापुरातच जेवा किंवा घरून डबा न्या.

५. पूर्वेची वाट: गोकाक, किंवा बैलहोंगल-सौंदत्ती

या दोन वेगळ्या फेऱ्या आहेत. एकाच दिवसात बसवायचा मोह आवरा.

गोकाकला जाताना सुळेभावी-अंकलगीमार्गे जा आणि परतताना पाच्छापूरमार्गे या, म्हणजे गोडचिनमलकीचा धबधबाही वाटेत येतो. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटरवरून खाली कोसळते. पावसाळ्यात पाणी मातीच्या रंगाचं, तांबूस असतं. वर झुलता पूल, शेजारी जुनी सूतगिरणी आणि काठावर चालुक्यकालीन देवळं. पूल कधी चालू असतो, कधी सुरक्षेसाठी बंद. पाणी वाढलं की काठावर पोलीस उभे असतात, त्यांचं ऐका. कातळ शेवाळलेला असतो आणि इथं दरवर्षी माणसं सेल्फीपायी जीव धोक्यात घालतात. माकडं भरपूर आहेत, त्यामुळे हातात खाण्याची पिशवी घेऊन उतरू नका. डिसेंबरनंतर गेलात तर नुसता कातळ बघायला मिळण्याची शक्यता जास्त.

गोडचिनमलकीला मार्कंडेय नदी दोन टप्प्यांत खाली येते. मला हा धबधबा गोकाकपेक्षा आवडतो, कारण इथं आवाज आणि झाडी दोन्ही आहे आणि दुकानं फारशी नाहीत.

गोकाकात करदंट घ्यायलाच हवं. गूळ, डिंक, खोबरं, खारीक आणि सुकामेव्याचा हा पदार्थ इथलीच ओळख. दुकानदार चव बघायला देतात. साधं आणि भारी अशा दोन्हींची चव घ्या. आम्हाला साधं जास्त आवडतं, त्यात गुळाचा खरपूसपणा लागतो.

आता बैलहोंगल-सौंदत्ती. आमच्या मते खाण्यासाठी याहून चांगली वाट या जिल्ह्यात नाही. बैलहोंगलला कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी आहे, पुढे सोगलला सोमेश्वराचं देऊळ आणि पावसाळ्यानंतर छोटा धबधबा. सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर, आणि तिथून जवळच नविलुतीर्थ, जिथं डोंगराच्या खिंडीत मलप्रभेवर धरण बांधलंय. पौर्णिमा, मंगळवार आणि शुक्रवार टाळा, एरवी दर्शन सुरळीत होतं. मार्गशीर्ष आणि चैत्राच्या जत्रांत कोल्हापूर-सांगलीकडून एवढी माणसं येतात की गाडी डोंगराखालीच अडकते.

दुपारी खानावळ शोधा. फलक कन्नडमध्ये असतो, पण "खानावळी" हा शब्द इथंही तोच. बाहेर ट्रॅक्टरवाले आणि बाजाराला आलेले शेतकरी जेवत असतील तिथं आत जा. ताटात जोळद रोट्टी येते, म्हणजे जोंधळ्याची पातळ भाकरी, गरम आणि मऊ. कडक हवी असेल तर तीही असते, पापडासारखी मोडणारी, महिनाभर टिकणारी. सोबत येण्णेगाई, म्हणजे शेंगदाणे-तीळ-खोबऱ्याचं वाटण भरून तेलात शिजवलेली छोटी वांगी. मटकी किंवा मुगाची उसळ, शेंगा चटणी, कारळ्याची चटणी, कच्ची मेथी, कांद्याची पात, काकडी आणि घट्ट दही. शेवटी भात आणि सार. आधी चटणीवर दही किंवा तेल घ्या, मग भाकरीचा तुकडा मोडा. वाढणारा विचारतोय म्हणून पहिल्याच फेरीत तीन भाकऱ्या घेऊ नका. प्रत्येक भाकरी तव्यावरून येते, एकेक मागवली तर शेवटचीही गरम मिळते.

जानेवारीच्या आसपास या भागात ओळखीचं शेत असेल तर हुरड्याचं विचारा. एळ्ळ अमावस्येला शेतकरी कुटुंबं शेतात पूजा करून तिथंच जेवतात. कुणी आग्रहाने बोलावलं तर नाही म्हणू नका, आणि रिकाम्या हातानेही जाऊ नका.

६. उत्तर आणि आंबोली, थोडक्यात

उत्तरेला हायवे असल्याने रस्ता वेगाचा आणि डोळ्यांना कमी सुखाचा. तरी दोन कारणांनी जा. उन्हाळ्यात हिडकल धरणाचं पाणी ओसरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. जाण्याआधी पाण्याची पातळी कळवणारं कुणीतरी गाठा. दुसरं कारण संकेश्वर-निपाणी पट्ट्यातलं मटण. इथं कोल्हापूरचं वळण आहे: तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं आणि भाकरी. संकेश्वरी मिरचीही इथूनच घ्या, रंगाला आणि तिखटाला दोन्हीला चांगली.

आंबोलीला शिनोळीवरून चंदगड तालुक्यातून जायचं आणि आजरा-गडहिंग्लजमार्गे परतायचं. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या. या तांदळाला २०१६ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, शिजताना घरभर वास येतो. जुलै-ऑगस्टच्या रविवारी आंबोलीच्या मुख्य धबधब्यापाशी वाहनांच्या रांगा लागतात, त्यामुळे आठवड्यातला मधला दिवस मिळत असेल तरच जा. तिलारी घाट मात्र नवख्या चालकाने टाळावा, उतार फार तीव्र आहे.

७. जेवणाची वेळ आणि मागायची रीत

खानावळी बारा ते अडीच या वेळेत ऐन भरात असतात. तीननंतर भाकरी संपते आणि समोर कालचा पुलाव येतो. म्हणून बघायची ठिकाणं जेवणाभोवती बसवा: एक जागा जेवणाआधी, एक नंतर. दोनपेक्षा जास्त ठिकाणं घेतली की जेवण गाडीत चिप्सवर होतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी सगळीकडे चालते. बैलहोंगल-सौंदत्तीकडे कन्नड लागते. "अण्णा, एरडु ऊटा" म्हटलं की दोन ताटं येतात, "खारा कम्मी" म्हटलं की तिखट बेताने. मोडकीतोडकी कन्नड बोलणाऱ्याला इथं फार आपुलकीने वाढतात. वाढणाऱ्या बाईंना "अक्का" म्हणा. भाषेच्या राजकारणावर ताटावर बसून मत देऊ नका, विचारलं तरी विषय जोंधळ्याच्या पिकावर न्या.

बायकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. स्वच्छतागृहाची सोय वाटेत तुटपुंजी आहे. हायवेवरचे मोठे पंप आणि देवस्थानांची भक्तनिवासं हे त्यातल्या त्यात खात्रीचे. निघण्याआधी मॅपवर त्या दोन-तीन जागा खूण करून ठेवा आणि थांबायचं कुठं ते बरोबरच्या माणसाला आधीच सांगा.

८. अंधार पडायच्या आत हायवे गाठा

नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. गोकाक, हुक्केरी, चिक्कोडी, बैलहोंगल या सगळ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला असतो, आणि ट्रॉली नादुरुस्त झाली की ती रस्त्यातच उभी राहते. पुढे फक्त काळोख दिसतो. संध्याकाळी साडेपाचला परतीला लागा. उशीर झालाच तर वेग चाळीसवर आणा आणि दोघांचीही नजर रस्त्यावर असू द्या, शेजारच्याने झोपायचं नाही.

पश्चिमेला कारण वेगळं. तिथं रात्री गवे रस्त्यावर येतात. हॉर्न वाजवू नका, दिवे मंद करून थांबा, ते आपणहून जातात.

९. परतल्यावर शहरातून काय घ्यायचं

कुंदा शेवटी घ्या, सकाळी घेऊन दिवसभर गाडीत तापवू नका. खवा आणि साखर आटवून केलेला हा पदार्थ उन्हात लवकर आंबूस होतो. दाणेदार आणि तपकिरी असलेला निवडा. दोन दिवसांत संपवणार असाल तर बाहेर चालतो, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा.

मांडे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. आत पिठीसाखर असलेले हे कागदासारखे पातळ मांडे उलट्या भांड्यावर भाजतात आणि घडी घालून देतात. गाडीच्या सीटवर सपाट ठेवा, वर काहीही ठेवू नका. करदंटाला घाई नाही, ते आठवडे टिकतं. बेळगाव बासमती हंगामात नवा आणि जुना दोन्ही मिळतो. रोजच्या भातासाठी जुना मागा, नवा चिकट होतो.